मावशीचं इंजिन

३ मार्च

मावशी गळतेय! सकाळी मागे घेतली तर फरशीवर ताटलीएवढा काळा डाग. इंजिनाच्या मागच्या अंगाने तेल येतंय. आणि जुन्या गाड्यांचं प्रदर्शन तीन आठवड्यांवर.

प्रदर्शनाचा अर्ज नेमका आजच भरला. गाडी – अमेरिकन, सन छप्पन, हिरवी, आठ सिलिंडर. टोपणनावाचा रकाना नव्हता, नाहीतर तेही लिहिलं असतं. पहिल्यांदा फाटकातून आत आली तेव्हा आई म्हणाली होती, माझी मोठी बहीण ट्रंका घेऊन राहायला आल्यासारखी दिसतेय. तेव्हापासून मावशीच.

इंजिन – 'मूळ. एकदाही बदललेलं नाही.' हे लिहिताना माझी कॉलर ताठ. लहानपणापासून हेच ऐकत आलेय. आई तर पार्सल घेऊन आलेल्या माणसालाही थांबवून सांगते. बाबा स्वतः मात्र कधी बोलत नाहीत, नुसते हसतात. विनय, दुसरं काय.

अर्ज सहीला नेला तर म्हणाले, "डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. नीट दिसायला लागलं की करतो सही." जन्मभर न बघता सह्या केल्या. आत्ताच बरं नीट दिसायला हवं झालं.

५ मार्च

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पार पडलं. काळ्या चष्म्यात अगदी खलनायक दिसतात. डॉक्टरीणबाईंनी बजावलं – तीन आठवडे वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, गॅरेजचं नाव काढायचं नाही.

"आणि ऐकायचं की नाही?" बाबांनी विचारलं. त्या हसल्या. त्यांना काय कल्पना! अर्ध्या शहराचे मेकॅनिक आमच्या फाटकाशी गाडी आणून नुसती चालू ठेवतात. बाबा वरच्या गॅलरीतून चहा पीत सांगतात – हे इंजिन या गाडीचं नाही, चार-पाच वर्षं नंतरच्या गाडीतलं काढून घातलंय, आणि तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वाजतोय. जुन्या गाड्यांचं असंच असतं. वरून साजशृंगार मूळचा आणि आत काळीज दुसऱ्याचं. मालक बिचारा वर्षानुवर्षं मिरवत असतो. बाबांना दोन मिनिटांत कळतं. आणि एकोणऐंशीव्या वर्षीही कान तसेच.

७ मार्च

वाद. माझं म्हणणं – तळाशी क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. बाबा गॅलरीतून – "तेल वरून गळतंय, खालून नाही. गरम झाल्यावर जळका वास येतो ना? म्हणजे वरून एक्झॉस्टवर पडतंय. इंजिनाच्या माथ्यावरचं मॅनिफोल्ड आहे ना, त्याच्या खालची गॅस्केट बदल, काम संपलं. इंजिन कशाला उतरवतेस?"

मी म्हटलं, सील.

"मॅनिफोल्ड उचल आधी. आणि एकटीच उचल. आईला नको बोलावूस."

आई आणि गॅरेजचा आता संबंध तरी काय? तीस वर्षं पार्ट्सच्या खोलीत बसायची हे खरं. सहीशिवाय वायसरसुद्धा कुणाला दिला नाही. बाबा तिला अजून 'साहेब' म्हणतात. पण तिने पाना कधी हातात धरलेला मी पाहिला नाही.

काही असो. गॅरेज आता मी चालवते. सील म्हणजे सील. उद्या इंजिन उतरणार.

८ मार्च

उतरलं! आमच्या गॅरेजमधल्या वेल्डरकाकांनी चेनपुली ओढली, मी खालून धरलं. काका सत्तरीचे, पण दंड अजून लोखंडी. वर गॅलरीत बाबा प्रत्येक साखळीचा आवाज ऐकत होते. "डावीकडे कलतंय," ओरडले. खरंच कलत होतं.

मावशीला आजवर बाबांशिवाय कुणी हात लावला नव्हता. वीस वर्षं मी इथे काम करतेय, पण हिचं इंजिन पहिल्यांदाच माझ्यासमोर असं लटकलं. जाडजूड रंगाचे थरावर थर, त्यावर चिखलासारखं ग्रीस.

बाबांचा वरून हुकूम – "सील बदल आणि परत बसव. घासत बसू नकोस. जुना रंग तसाच राहू दे."

आई चहा घेऊन आली. तीही म्हणाली, "जास्त घासू नकोस हं."

९ मार्च

आईने आज तीनदा विचारलं, घासलंस का.

१० मार्च

घासलं. मला नको म्हटलं की मी तेच करते, हे दोघांना पंचेचाळीस वर्षं माहीत आहे.

आधी मागची कड. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं खालचं धड, ओततात तेव्हाच त्यावर तारीख उठवतात – महिन्याला एक अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. वायर ब्रशखालून हळूहळू वर आलं: एफ, चौदा, सहा. म्हणजे जून चौदा, छप्पन. वा! एकटीच हसले. अर्जात लिहिलं ते बरोबर.

मग ब्लॉकची कूस पुसली. आणि हात थांबला. दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकांची जाड बोंडं. ही बोंडं इंजिन कुशीवर टेकवायला असतात. छप्पनच्या गाडीत इंजिन पुढून टेकतं, तिला कुशीत काही लागतच नाही. ही पद्धत दोन वर्षं नंतरची. मावशीच्या इंजिनाला नको असलेली सहा भोकं, रंगाने नीट बुजवलेली!

ओतीव नंबर घासला आणि बाबांची जुनी वही काढली, सगळ्या ब्लॉक्सचे नंबर त्यांच्या हस्ताक्षरात. नंबर सापडला. पण चुकीच्या पानावर, साठनंतरच्या गाड्यांच्या.

सालाचा सहा हा छप्पनचा नाही. सहासष्टचा आहे.

११ मार्च

झोप कसली येतेय. सकाळी पुन्हा बघितलं, दिवसाउजेडी काही फरक पडेल म्हणून. नाही पडला.

वरची दोन्ही हेडं मूळची. झाकणं, कार्बोरेटर मूळचे. खालचा ब्लॉक तेवढा दहा वर्षांनी धाकटा. कुणीतरी खालचं धड बदलून वरचं डोकं तेच ठेवलंय, आणि इतकं सफाईदार की वरून बघणाऱ्याच्या बापालाही कळू नये.

पण बाबांना? मावशीला ते रोज ऐकतात. त्यांना कसं कळलं नाही?

वेल्डरकाकांना विचारलं, "काका, हे इंजिन कधी बदललं?" काकांनी तोंडावर मुखवटा ओढला आणि जिथे वेल्डिंगची काही गरज नव्हती तिथे वेल्डिंग करत बसले.

१२ मार्च

आईने केलंय. आई! माझ्या आईने!

दुपारी बाबा झोपले होते. आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मी नुसतं म्हटलं, "आई, मी घासलं." तिने हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे भांड्यात टाकले, मग म्हणाली, "दार लोटून घे."

अडतीस वर्षांपूर्वी बाबा तीन आठवडे दूर एका बोटीचं इंजिन बसवायला गेले होते. आई तेव्हा चोरून गाडी शिकत होती – वेल्डरकाका शेजारी बसायचे. बाबा येतील तेव्हा आपण गाडी घेऊन त्यांना आणायला जायचं, असा तिचा बेत. त्यासाठी आधी मावशीचं तेलही स्वतःच बदलावं म्हटलं. जुनं तेल काढलं, खालचा बोल्ट हाताने फिरवून ठेवला, आता पाना लावणार, तेवढ्यात घरात दूध उतू गेल्याचा वास. पळाली. परत आली ती नवं तेल घेऊनच. बोल्ट डोक्यातून गेला. दुसऱ्या दिवशी घाटात बोल्ट पडला, सगळं तेल रस्त्यावर. रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला.

"एवढं भोक," म्हणाली. मूठ दाखवली.

"मग?"

"मग काय. रडले एक दिवस. दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, चेपलेल्या छपराची ती दहा वर्षांनी नवी गाडी भंगारात आलीये ना, तिचं इंजिन बघू. दहा वर्षं त्या खोलीत बसून मी प्रत्येक गाडीचा प्रत्येक बोल्ट हाताळला होता. कुठला कुठे बसतो मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? ओढायला काका, जोडायला मी. अकरा दिवस लागले."

ते अकरा दिवस मला आठवतात. मला आत्याकडे पाठवलं होतं – घराला रंग द्यायचाय म्हणून. परत आले तर भिंती तशाच. मी विचारलं तर आई म्हणाली, तोच रंग दिला. सात वर्षांची होणार होते, पटलं.

"आणि बाबा?"

इथे आईला हसू आवरेना. "आले, हातपाय धुतले, गाडी फिरवून आणली. मी दारात, देवाचं नाव घेत. उतरले आणि म्हणाले, छान चाललीये. बस्स! एवढा कानाचा डंका, आणि घरचंच इंजिन ओळखता आलं नाही! उलट इतके खूश, की पुढच्या रविवारी आपल्या दोघींना सर्कशीला पाठवलं. तुझा सातवा वाढदिवस होता बघ. कधी नव्हे ते तिकिटं स्वतः काढून आणली."

मग हसणं थांबलं. "सांगणार होते गं. पण ते लोकांसमोर छाती काढून चालतात ते कानाच्या जिवावर. त्यांना कसं सांगू, की अडतीस वर्षं तुम्ही दुसऱ्याच इंजिनाला आपलं म्हणताय? म्हणून मीच सगळ्यांना सांगत सुटले, मूळ आहे, मूळ आहे. कुणी शंकाच घेऊ नये म्हणून."

ही बाई माझ्याकडून जार उघडून घेते.

१४ मार्च

पेच असा. प्रदर्शनाचा परीक्षक आरसा आणि बॅटरी घेऊन खाली वाकणार, सहा भोकं पाच मिनिटांत बघणार. अर्जावर बाबांची सही असेल. याच बाबांनी चार वर्षांपूर्वी नवा ब्लॉक मूळ म्हणून विकणाऱ्या एका मेकॅनिकला भर रस्त्यात झापलं होतं. उद्या लोक म्हणतील, कानवाल्याने स्वतः तेच केलं.

अर्ज मागे घ्यावा तर बाबा कारण विचारणार. खरं सांगावं तर त्यांचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास जाणार. डोळे गेले होते ते परत आले. कान गेले असं त्यांना वाटायला नको. बाकी मला कशाची फिकीर नाही.

आई म्हणते, मी सांगते. डोळ्यांत थेंब घालायचे संपू देत.

१६ मार्च

आईने सांगितलं नाही. म्हणे आज त्यांचं डोकं दुखत होतं.

१७ मार्च

आज म्हणे दुखत नव्हतं, इतके आनंदात होते की सांगवेना.

१८ मार्च

सील बदललं, मॅनिफोल्डला हातही न लावता इंजिन परत बसवलं. काम बघून काका म्हणाले, तीन टिंबांच्या लायकीचं आहे. आणि उसासा टाकला. बिचारे!

तीन टिंबं ही बाबांची रीत. दुसऱ्या कुणी इंजिन बांधलं की बाबा ते आठ दिवस चालवून ऐकतात, मग मॅनिफोल्ड उचलतात, ब्लॉकच्या आत जी पन्हाळ दिसते तिथे नजर टाकतात, आणि पसंत पडलं तर पंचाने तीन टिंबं आणि तारीख ठोकतात. पास! नाही पडलं तर एक शब्द न बोलता झाकून ठेवतात. स्वतःच्या कामावर कधीच ठोकत नाहीत. म्हणतात, आपणच आपल्याला कसं पास करणार. मला चौथ्या खेपेला मिळाली, सत्ताविसाव्या वर्षी. त्या दिवशी मी गॅरेजमध्ये नाचले होते. काकांना अजून नाही मिळाली आणि ते दर वर्षी एकदा तरी त्यावरून रुसतात.

१९ मार्च

सांगितलं!

अर्ज द्यायचा उद्या शेवटचा दिवस. बाबा गॅलरीत आरामखुर्चीत. आईने चहा ठेवला, पदर खोचला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं – दूध, बोल्ट, घाट, मूठ, अकरा दिवस. मी दारात उभी.

बाबा – "काय सांगतेस!"

इतक्या मोठ्याने, की खाली काकांच्या हातून हातोडी पडली. बाबांना असं बोलताना मी कधी ऐकलं नाही. शाळेच्या नाटकात पहारेकरी ओरडायचा ना, अगदी तसं. "माझ्या मावशीत दुसरं इंजिन! आणि मला पत्ता नाही! म्हातारा झालो मी."

आई म्हणाली, "अहो, तेव्हा तुम्ही एक्केचाळीस वर्षांचे होतात." आणि रडायलाच लागली. बाबांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिचा हात धरला. "साहेब, घाटातून चालत आलीस की काय?" एवढंच विचारलं. ती रडता रडता म्हणाली, हो, चार मैल.

मग मला म्हणाले, "अर्ज आण. ते वाक्य खोड. लिही – इंजिन बदललेलं. बसवलं कुणी त्या रकान्यात आईचं नाव घाल. पूर्ण नाव." आणि लगेच सही ठोकली. डोळ्यांचं काही आड आलं नाही.

२१ मार्च

आईला अपराधी वाटतंय. बाबांच्या मागेपुढे चाललीये – उशी देऊ का, चहा देऊ का, पाय दाबू का. बाबा दिवसातून चार वेळा "काय हे माझे कान" असं म्हणून उसासा टाकतात आणि पाचव्यांदा चहा मिळवतात.

मला धास्ती होती, आता फाटकाशी कोणी आलं तर बाबा नको म्हणतील. संध्याकाळी एकजण आलाच. बाबांनी खुर्चीतूनच सांगितलं – सहा सिलिंडरचं, त्रेसष्टचं, एक प्लग ढिला. तिन्ही बरोबर. एवढा धक्का बसलेला माणूस असा नसतो. पण बरं झालं. देव पावला.

२६ मार्च

प्रदर्शन. मूळ इंजिनांच्या रांगेत उभं राहता आलं नाही, शेवटच्या रांगेत, कुंपणाला लागून जागा मिळाली. कुणाला पर्वा!

परीक्षक तरुण होता, आरसा लावलेली काठी घेऊन आला. कागद वाचला, आईकडे बघितलं. "म्हणजे बाई, तुम्ही कुणाकडून तरी बसवून घेतलंत?"

"मी बसवलं. नऊ-सोळाच्या पान्याने. विचारा काय विचारायचंय."

त्याने विचारलं. वीस मिनिटं विचारत होता. जुनी हेडं नव्या ब्लॉकवर का ठेवली? "जुन्या झाकणांचे बोल्ट नव्या हेडला जुळत नाहीत. हेड बदललं असतं तर झाकण बदलावं लागलं असतं, आणि ह्यांना वरूनच कळलं असतं." भोवती गर्दी जमली. बाबा मागे काठी टेकून उभे, सगळ्यांना सांगत होते – माझी बायको आहे ती.

बक्षीस नाही मिळालं. परतताना मावशी आईने चालवली. बाबा शेजारी, डोळे मिटून, इंजिन ऐकत.

२८ मार्च

फरशीवर पुन्हा ताटलीएवढा डाग.

म्हणजे सील नव्हतंच. वरूनच गळतंय, बाबा म्हणाले तसं. दहा-अकरा दिवस मी उगाच राबले. अजून कुणाला सांगितलेलं नाही. डागावर पुठ्ठा टाकला.

३० मार्च

बाबा गॅलरीतून – "पुठ्ठा उचल आणि मॅनिफोल्डही उचल. आता तरी." पुठ्ठा टाकल्याचा आवाजही ऐकू येतो यांना!

१ एप्रिल

आई बाजारात गेली होती. एकटीनेच मॅनिफोल्ड उचललं. मागची गॅस्केट चिरलेली, तेल तिथूनच येत होतं.

कापडाने ब्लॉकची पन्हाळ पुसली. तिथे तीन टिंबं. खाली तारीख. माझा सातवा वाढदिवस, सर्कशीचा रविवार.

वरून बाबांनी विचारलं, "गॅस्केटच होती ना?"

"हो बाबा. गॅस्केटच."

मला चौथ्या खेपेला मिळाली होती. आईला पहिल्याच.